द्राक्ष निर्यात: फवारणीची वही की ग्रेपनेट?

वहीला वीज लागत नाही, रेंज लागत नाही. पण युरोपात एखाद्या पेटीत औषधाचा जास्त अंश सापडला, की ती कुणाच्या बागेतली हे वह्या चाळून शोधायचं म्हणजे सगळ्यांचाच माल अडकणार. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या संगणकीय नोंदप्रणालीवर प्लॉटची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल आणि पॅकहाउस (जिथे माल पेट्यांत भरतात) एकाच साखळीत जोडलेले असतात. दोषी प्लॉट तेवढा बाजूला काढता येतो. माझा कौल ग्रेपनेटलाच. तरी २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात कंटेनर अडकलेच. ते रसायन तपासणीच्या यादीतच नव्हतं! जे तपासलंच नाही, ते संगणक कुठून दाखवणार? शिवाय कधी, किती फवारलं हे बागेत आधी वहीतच उतरतं, तेव्हा ती लगेच रद्दीत घालू नका.