किशोरवयीन पालकांसाठीचा सरकारी पैसा: संस्थेला अनुदान की पाळणाघराचं बिल?

शाळा-कॉलेजात शिकणाऱ्या आई-बापांसाठी उपक्रम चालवायचा, तर सरकारी पैसा साधारण दोन वाटांनी येतो. एक, संस्थेला ठरावीक मुदतीचं अनुदान. अमेरिकेत २०१०च्या आरोग्य कायद्यातून आलेला प्रेग्नन्सी असिस्टन्स फंड त्यातलाच होता: वर्षाला अडीच कोटी डॉलर, दहा वर्षं, राज्यांनी स्पर्धेतून मिळवायचे. दुसरी वाट म्हणजे शिकणाऱ्या पालकामागे, त्याच्या बाळाच्या हिशेबाने चालणारा पैसा. इंग्लंडची केअर टू लर्न ही योजना तशी आहे. अभ्यासक्रम सुरू होताना पालकाचं वय विसाच्या आत हवं. कॉलेजने प्रवेश आणि हजेरी कळवली की पैसे थेट नोंदणीकृत पाळणाघराला जातात.

अनुदानाची जमेची बाजू मोठी आहे. समुपदेशकाचा पगार, गृहभेटी, बापांसाठीचे गट हे सगळं त्यात बसतं. बाळामागे मिळणाऱ्या पैशात यातलं काहीच निघत नाही.

शिवाय स्वतःचं पाळणाघर चालवणाऱ्याला बाळामागचा पैसा जाचक ठरतो. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे दोन वर्षांखालच्या दर तीन बाळांमागे एक कर्मचारी लागतो. म्हणजे सहा बाळांना दोघी पुरतात, पण सातवं बाळ आलं की तिसरी ठेवावी लागते आणि बिल मात्र सातचंच. त्यात बाळंतपणं शाळेचं वर्ष बघून होत नाहीत. पट वर्षभर हलत राहतो.

हे मान्य करूनही माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे, आणि तो एका कटकटीमुळे: अनुदानाची मुदत. अकरावीत आई झालेल्या मुलीला शिक्षण पुरं होईपर्यंत पाळणाघर लागतं, म्हणजे दोन वर्षं, नापास झाली तर तीन. अनुदान तीन वर्षांचं असलं तरी पहिले काही महिने भरती आणि खरेदीत जातात. शेवटच्या वर्षात नूतनीकरणाची खात्री नसते, म्हणून कर्मचारी दुसरीकडे अर्ज टाकू लागतात. समुपदेशक गेली की तिच्या जागी सहा महिन्यांसाठी कोणी येत नाही. मग नवे प्रवेश थांबतात आणि मुदतीच्या उत्तरार्धात आलेल्या मुली अर्ध्यावर राहतात. वार्षिक अहवालात हे दिसत नाही, कारण त्यात किती जणींना सेवा दिली तेवढंच मोजतात. किती जणींची सेवा मधेच तुटली याला रकाना नसतो. आणखी एक: या वयातल्या आया घर वारंवार बदलतात. मुलगी दुसऱ्या शाळेत गेली तर अनुदान जुन्या शाळेतच राहतं.

अर्थात बाळामागचा पैसाही कायमचा नसतो. कॅलिफोर्नियाच्या कॅल-सेफ या शाळकरी आई-बापांसाठीच्या कार्यक्रमात मदत विद्यार्थी-संख्येवर होती, पण २००९ मध्ये तो निधी इतर कामांना वापरायची मोकळीक शाळा-जिल्ह्यांना (तिथल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळांना) मिळाली, २०१३ मध्ये तो सर्वसाधारण निधीतच विरला, आणि बऱ्याच ठिकाणी उपक्रम आक्रसले किंवा बंद पडले. म्हणून पैसा बाळाच्या डोक्यावर मोजला जातो एवढं पुरेसं नाही. तो फक्त याच कामाला बांधलेला आहे का, हे आधी पाहावं.

ही वाट घेणार असाल तर नियमांत तीन गोष्टी शोधा. अनामत आणि नोंदणी शुल्क धरलं आहे का, नाहीतर ती रक्कम पहिल्याच दिवशी मुलीच्या खिशातून जाते. उन्हाळी सुट्टीत जागा राखण्याचे पैसे मिळतात का. केअर टू लर्नमध्ये मिळतात, आणि बहुधा म्हणूनच पाळणाघरं या मुलींना घ्यायला फार कुरकुरत नाहीत. तिसरी गोष्ट बाळाच्या आजारपणाची. बाळाला ताप असला की आईही गैरहजर राहते, आणि पैसे रोजच्या हजेरीवर असतील तर पाळणाघराचं बिल अंगावर येतं. अशा दिवसांचा उल्लेख करारात नावानिशी हवा आणि कॉलेजमधून हजेरी कळवणारा माणूस एकच, ठरलेला हवा. तो रजेवर गेला की हप्ता अडकतो. अनुदानही मिळत असेल तर ते पाळणे, गाद्या, दुरुस्ती अशा एकदाच्या खर्चाला लावा. जमल्यास त्यावर पगार टाकू नका.