वर्षभर वापरलेली घरघंटी: पीठ उत्तम, यंत्र मात्र समजून घ्यावे लागते

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आम्ही इंदिरानगरच्या घरी एक अश्वशक्तीची घरघंटी आणली. यजमानांच्या रक्तातील साखर काठावर आली होती. आहारतज्ज्ञांनी मैद्याचे पदार्थ आणि बिस्किटे बंद करून ज्वारी, बाजरी व नाचणी रोजच्या जेवणात आणायला सांगितले होते. धान्याची अडचण नव्हती. बाजरी येवल्याच्या नातेवाइकांकडून येते, नाचणी पेठ-सुरगाण्याकडची मिळते आणि बाकीचे सामान रविवार कारंज्यावर सहज मिळते. अडचण पिठाची होती. गिरणीतून पाच किलो बाजरी दळून आणली की पहिल्या तीन-चार दिवसांच्या भाकरी गोड लागत, आठवड्याच्या शेवटी त्याच पिठाला कडवट चव येई आणि उरलेले पीठ गाईच्या वाट्याला जाई. बाजरीत स्निग्धांश गव्हापेक्षा बराच जास्त असतो. दाणा अखंड असेपर्यंत तो सुरक्षित राहतो, पण दळल्यावर हवेच्या संपर्कात येऊन लवकर खराब होतो, आणि नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत तर फारच लवकर. घरघंटी घेण्याचे आमच्यापुरते एवढे एकच सबळ कारण होते. वर्षभराने मागे पाहता तेच पूर्णपणे खरे ठरले आहे. आता दर तीन दिवसांनी किलोभर बाजरी दळली जाते आणि कडू भाकरी आमच्या ताटात पुन्हा आलेली नाही.

नाव जुन्या वळणाचे असले तरी या यंत्रात जात्याचे दगड नसतात. पोलादी कप्प्यात वेगाने फिरणारी पाती दाण्याला फोडतात आणि पुरेसे बारीक झालेले पीठ जाळीच्या भोकांतून खालच्या डब्यात पडते. पीठ बारीक की जाडसर, हे जाळी ठरवते. यंत्राबरोबर सहा जाळ्या आल्या होत्या, त्यांपैकी आम्ही तीनच वापरतो: भाकरी-पोळीची बारीक, थालीपिठाच्या भाजणीची मध्यम आणि लापशीच्या भरडीची जाड. गव्हाची भरड मी पूर्वी तयार पाकिटातील आणत असे. आता ती घरी काढून दुधी-गाजर घालून तिखट लापशी करते आणि आठवड्यातून दोनदा सकाळचा नाश्ता तोच असतो.

मात्र गव्हाचे पीठ चाळायचे की नाही, यावर आमच्या घरात बरेच दिवस वाद चालला. सासूबाईंचा हात मऊसूत, पांढऱ्या पोळीला सरावलेला आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी चाळणी काढली आणि म्हणाल्या, "अगं, एवढा कोंडा कोणाच्या पोटाला चालतो?" कोंडा आणि अंकुर मिळून गव्हाच्या दाण्याचा सुमारे सहावा भाग होतो आणि तंतू, जीवनसत्त्वे व खनिजे बरीचशी त्यातच असतात. १०० ग्रॅम सबंध गव्हाच्या पिठात सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, तर तेवढ्याच मैद्यात ३ ग्रॅमही नसतात. दळण घरी काढून पीठ बारीक चाळणीने चाळायचे असेल, तर घरघंटीवर पैसे घालवण्याचे कारण नाही. अखेर तोडगा त्यांनीच काढला: चाळायचे नाही, कणीक अर्धा तास आधी भिजवून ठेवायची. पोळी आता मऊ होते, फक्त रंगाने सावळी.

ज्वारीच्या बाबतीत मात्र गिरणीचे दगड सरस आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. घरघंटीच्या पिठाची भाकरी थापताना कडेने चिरते. उकळत्या पाण्यात पीठ मळून ही उणीव बरीचशी भरून निघते, पण पूर्ण नाही. पीठ निघते तेही चांगलेच कोमट. ते परातीत पसरून गार न करता डब्यात भरले, तर आत वाफ धरते आणि गुठळ्या होतात.

एक चूक आमची स्वतःची होती. फेब्रुवारीत घाईघाईने न पाखडलेली बाजरी यंत्राच्या तोंडात ओतली. आधी तडतड आवाज आला, मग एक कर्कश खणका झाला. झाकण उघडून पाहिले, तर हरभऱ्याएवढ्या खड्याने जाळी बोटभर फाटली होती. नवी जाळी मिळण्यास विक्रेत्याने सव्वीस दिवस लावले आणि दर खेपेला "उद्या माणूस पाठवतो" एवढेच उत्तर दिले. त्या काळात आम्ही पुन्हा गिरणीच्या रांगेत उभे होतो. शेंगदाणे, सोयाबीन यांसारखे तेलकट दाणे यात नुसते घालू नयेत, कारण जाळी चिकट होऊन बसते. आवाजही मोठा आहे. दुपारी दोन ते चार आम्ही यंत्र लावत नाही, कारण शेजारी लहान मूल आहे.

पैशांची बचत होईल, या आशेने कोणी घेऊ नये. आम्हाला यंत्र १८ हजारांना पडले. महिन्याला अठरा किलो दळण आणि गिरणीचा दर किलोला ८ रुपये धरला, तर वीज न मोजताही रक्कम वसूल व्हायला दहा वर्षांहून अधिक काळ लागेल. उपवासाचे दळण मात्र निर्धास्त होते. आदल्या गिऱ्हाइकाचा गहू राजगिऱ्यात किंवा भगरीत मिसळण्याची भीती उरत नाही.

ताजे पीठ घरात आले म्हणून भाकऱ्यांची संख्या वाढवण्याचा मोह आम्हालाही झाला होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार धान्यातून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपर्यंतच असावी. त्यामुळे भाकऱ्या दोनच राहिल्या आणि बुधवारच्या बाजारातून आणलेल्या पालेभाज्या व मोड आलेली कडधान्ये वाढली.

रोज भाकरी खाणाऱ्या, दाणे निवडण्याचा कंटाळा नसलेल्या चार-पाच माणसांच्या घराला मी ही घरघंटी सुचवेन. महिन्याला पाच किलोही दळण नसेल, तर गिरणीतून थोडे थोडे दळून आणणे बरे. घेताना दोन बारीक जाळ्या जास्तीच्या मागून घ्याव्यात आणि दुरुस्तीचा माणूस नाशिकमध्येच राहतो की मुंबईहून यायचा आहे, हे पैसे देण्याआधी विचारावे.