वेफर्सची सबसिडी, राजवाड्याजवळचा गाळा आणि माझे १,४४,३०० रुपये

आकडा आधीच सांगून टाकते, कारण सगळे पहिल्यांदा तोच विचारतात. एक लाख चव्वेचाळीस हजार तीनशे. सरकारी अनुदान मिळवून देतो म्हणत एका माणसाने मला एवढ्याला फसवलं. त्यानंतर विचारतात, "एवढी शिकलेली असून कशी गं अडकलीस?" मी अडाणी नाही आणि लोभीही नाही. मी कागद वाचले, आकडे तपासले, योजना खरी आहे का ते पाहिलं. योजना खरीच होती. हेच लोकांना समजावून सांगता सांगता माझा घसा कोरडा पडला आहे. इंदूर, देवास, महू या भागात घरगुती उद्योग चालवणाऱ्या आपल्या बायकांना तो माणूस अजूनही फोन करत असणार, म्हणून सगळं लिहून काढते.

आमचं शेत देपालपूरकडे आहे. बटाटा निघाला की गावातल्या काही बायकांना घेऊन वेफर्स, उपवासाचा कीस, साबुदाणा-बटाट्याच्या चकल्या असं वाळवण करायचं आणि इंदूरला आणून विकायचं, हा माझा उद्योग. सगळी भिस्त उन्हावर. अवकाळी दोन सरी आल्या की गच्चीभर पसरलेला कीस काळा पडतो. म्हणून मला ड्रायर हवा होता, स्लायसर हवा होता आणि पाकिटं बंद करायचं बरं मशीन हवं होतं. तो माणूस मला भेटला तो मे महिन्यातल्या एका प्रदर्शनात, आमच्याच मराठी लोकांच्या प्रदर्शनात. स्वच्छ मराठी बोलत होता, मला ताई, यांना दादा. गळ्यात ओळखपत्र, त्यावर तीन सिंहांची मुद्रा. "मी योजनेचा जिल्हा समन्वयक," म्हणाला.

त्याने सांगितलं ते शब्दशः खरं होतं. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र सरकारची योजना २०२० मध्ये सुरू झाली. खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. 'एक जिल्हा एक उत्पादन' यात इंदूर जिल्ह्याला बटाटाच दिला आहे. किमान १० टक्के रक्कम आपण घालायची, बाकी बँकेचं कर्ज. घरी येऊन मी हे सगळं पडताळून पाहिलं आणि प्रत्येक गोष्ट जुळली. माझा प्रकल्प त्याने ९,५०,००० रुपयांचा मांडला. म्हणजे अनुदान ३,३२,५००, माझा हिस्सा ९५,०००. गणितात एका रुपयाची चूक नव्हती. आता ज्यांना वाटतं की असले लोक काहीही थापा मारतात आणि मूर्ख बायका भुलतात, त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

पैसे असे गेले. प्रकल्प अहवालाचे २,५००. 'प्रोसेसिंग'चे १०,००० आणि त्यावर जीएसटी १,८००, म्हणजे ११,८००. त्याची छापील पावतीही दिली. मग माझा हिस्सा म्हणून ९५,०००. आणि शेवटी गाळ्याचं टोकन ३५,०००.

गाळ्याचं सांगायलाच हवं, कारण खरा गळ तोच होता. इंदूरबाहेरच्यांना हे कळणार नाही. शहराच्या मध्यावर होळकरांचा राजवाडा आहे, त्याच्या आसपास गेल्या काही वर्षांत काय काय झालं ते आम्ही रोज पाहतो. राजवाडा, गोपाळ मंदिर, गांधी हॉल सावरले, बडा गणपती ते कृष्णपुरा रस्ता रुंद करताना लोकांच्या घरांची तोंडं कापली गेली. २० मे २०२५ ला अहिल्याबाईंच्या ३०० व्या जयंतीनिमित्त राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक थेट राजवाड्यात भरली. गावभर बॅनर, रोज वर्तमानपत्रात नवी घोषणा. अशा हवेत कुणी तुम्हाला सांगितलं, की जुन्या बाजारपेठेचं नूतनीकरण होतं आहे आणि त्यात ग्रामीण महिला उद्योगांसाठी काही गाळे राखीव आहेत, तर तुम्ही काय म्हणाल? मला तर ते योग्यच वाटलं. असंच व्हायला हवं, गावातला माल शहराच्या मध्यावर विकला जायला हवा, हे मी कित्येक वर्षं म्हणत आले आहे. माझं स्वतःचं म्हणणं त्याने मला परत विकलं, याचा राग सगळ्यात जास्त आहे.

त्याने आणून दिलेल्या वाटपपत्रावर स्मार्ट सिटी मिशनचं, म्हणजे शहरं सुधारायच्या केंद्राच्या योजनेचं नाव, शिक्का, सही, जावक क्रमांक, सगळं होतं. तारीख ऑगस्टची. स्मार्ट सिटी मिशनची मुदतच ३१ मार्च २०२५ ला संपली. संपलेल्या मिशनच्या नावाने ऑगस्टमध्ये नवा गाळा कसा देतील? पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मुदती पाठ करून ठेवणारी मी कोण? दुसरी गोष्ट मात्र सगळ्यांनी डोक्यात पक्की बसवा: नगर निगमाचे गाळे निविदा किंवा लिलावाने जातात, त्याची जाहीर सूचना निघते. घरी येऊन टोकन घेऊन गाळा कुणी देत नाही. तसं कुणी म्हणालं तर तिथेच दार लावा.

आता तो क्षण. त्याच्या आठवणीने रात्री झोप लागत नाही. ९५,००० भरायला मी बँकेत गेले. एनईएफटीचा फॉर्म घेतला, खाते क्रमांक लिहिला, आणि पैसे कुणाला, या रकान्यात माझ्या हाताने एका 'ट्रेडर्स'चं नाव लिहिलं. सरकारी अनुदानातला माझा हिस्सा मी एका ट्रेडर्सला का पाठवते आहे? पेन थांबलं होतं. खरंच थांबलं होतं, मला आठवतं. बाहेर येऊन फोन केला. तो एका दमात म्हणाला, "ताई, विभाग स्वतः पैसे घेत नाही, नोडल एजन्सी नेमलेली असते, पावतीवर जीएसटी नंबर आहे ना, तपासून घ्या." मी तिथेच उभं राहून पोर्टलवर नंबर टाकला. नंबर खरा, चालू. पण त्याची सुरुवात ०७ ने होत होती. ०७ म्हणजे दिल्ली. मध्य प्रदेशाचे नंबर २३ ने सुरू होतात, माझा स्वतःचा २३ ने सुरू होतो, मी महिन्याला बिलांवर तो लिहिते! मनात आलं, केंद्राची योजना आहे, दिल्लीची एजन्सी असेल. आणि ट्रेडर्स या शब्दाचं म्हणाल तर आमच्या धंद्यात सगळेच ट्रेडर्स. बटाट्याचा आडत्या ट्रेडर्स, पाकिटं देणारा ट्रेडर्स, तेलवाला ट्रेडर्स. मी आयुष्यभर ट्रेडर्सनाच पैसे पाठवत आले आहे. काउंटरवरच्या माणसाने फॉर्म घेतला, शिक्का मारला, मान वर केली नाही.

तुम्ही मात्र ते नाव पाहा. फोनवरून पैसे पाठवतानाही शेवटचं बटण दाबायच्या आधी खातेदाराचं नाव दिसतं. सरकारी योजना आणि समोर दुकानाचं नाव, संपलं, फोन खाली ठेवा.

आणि हे तर कोरून ठेवा. अशा योजनांत आपला हिस्सा सरकारला द्यायचा नसतोच. तो आपल्याच बँकेत, आपल्याच कर्जखात्याशी जोडलेला राहतो. आधी बँक कर्ज मंजूर करते, मग अनुदान येतं, तेही बँकेकडे. या योजनेत ते ३ वर्षं वेगळ्या खात्यात अडकून राहतं आणि कर्ज नीट चाललं तरच जमा होतं. हातात रोख सबसिडी कुणाला मिळत नाही. अर्जाला फी नाही. लघुउद्योगांच्या 'उद्यम' नोंदणीला एक पैसा लागत नाही, जीएसटी नोंदणीलाही सरकारी फी नाही. अहवाल करून द्यायला सरकारनेच जिल्ह्यात माणसं नेमली आहेत, त्यांचं मानधन सरकार देतं. हे सगळं मला आता तोंडपाठ आहे.

पुढचं ठरलेलंच. 'सबसिडी रिलीज' करायला आणखी २१,००० हवेत, दोन दिवसांत भरा नाहीतर फाइल परत जाईल. घाई केली तिथे मला घाम फुटला. त्याने दिलेल्या लिंकवर माझा अर्ज 'मंजूर' दिसत होता, पण त्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन नव्हतं. तो अर्ज छापून घेऊन मी संबंधित सरकारी कार्यालयात गेले. बाबूने क्रमांक टाकला आणि म्हणाला, असा अर्जच नाही. वर म्हणाला, "मॅडम, ऐसे तो रोज आते हैं."

रोज येतात! मग दाराला एक फलक का नाही लावत? एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहा की या योजनेला फी नाही, एजंट नाही. दहा रुपयांचा कागद लागतो. योजनेच्या जाहिरातीवर हसरे चेहरे छापायला पैसा आहे आणि रोज लुटल्या जाणाऱ्या माणसांना सावध करायला भिंत मोकळी नाही. मी हे तिथेच मोठ्याने बोलले. मला साहेबांकडे नेलं नाही, पाणी दिलं आणि लंच झाला म्हणून सांगितलं.

ठाण्यात म्हणाले, ऑनलाइनचं प्रकरण आहे, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, ओटीपी चोरीला गेला नाही, तुम्ही स्वतः बँकेत जाऊन पैसे भरलेत, ही साधी फसवणूक, ठाण्यात जा. परत ठाण्यात. तिथे साध्या कागदावर आवेदन लिहून घेतलं, शिक्का मारून एक प्रत हातात दिली आणि वाटलं असेल की बाईला हाच गुन्हा नोंदवल्याचा कागद वाटेल. आवेदनाची प्रत म्हणजे एफआयआर नव्हे. न्याय संहितेतल्या फसवणुकीच्या कलम ३१८ चा उल्लेख केला तर हवालदार हसला. यांच्याकडे वळून म्हणाला, "भाईसाब, आपने मैडम को रोका नहीं?" म्हणजे चोर बाजूला राहिला आणि बायकोला आवरलं नाही हा यांचा अपराध ठरला. ज्या बँकेत पैसे गेले ती म्हणाली, दुसऱ्या ग्राहकाची माहिती देता येत नाही. तक्रारीच्या हेल्पलाइनवर नोंद केली तर काही आठवड्यांनी मेसेज आला, आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे. कुणी केलं, काय केलं, एक ओळ नाही. मी रडले नाही, पण फोन भिंतीवर आपटायचा राहिला.

एकच गोष्ट वेळेवर केली असती तर थोडं वाचलं असतं. १९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर. पैसे गेल्याचं कळताच, तासाभरात, त्यावर फोन करायचा, म्हणजे समोरच्या खात्यातली शिल्लक रोखता येते. मी आधी सहीशिक्क्याच्या मागे ऑफिसांत फिरत बसले, कारण एकाही माणसाने मला तो नंबर सांगितला नाही. मी फोन केला तोवर त्या खात्यात ४,२१२ रुपये उरले होते. ते रोखलेत, पण सोडवून घ्यायचं अजून बाकी आहे.

ठाण्यात टोलवाटोलवी झाली तर भांडत बसू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हद्द कुणाची हा प्रश्न नंतरचा. नकार दिला तर लेखी तक्रार वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज. मी आता त्या पायरीवर आहे. वकिलाने सांगितलं म्हणून व्हॉट्सअॅपचं सगळं बोलणं, पावत्या, ते खोटं पत्र आणि बँकेचा शिक्का असलेलं स्टेटमेंट, सगळं नीट लावून ठेवलं आहे. त्याचा नंबर ब्लॉक केला नाही, चॅट पुसलं नाही. रागाच्या भरात तुम्हीही पुसू नका.

त्याच प्रदर्शनात स्टॉल लावलेल्या आणखी दोघींनी त्याला पैसे दिले आहेत, हे मला नक्की माहीत आहे. एकीने घरी सांगितलेलं नाही, दुसरीला लोक काय म्हणतील याची भीती आहे. त्यांची नावं मी कुणाला सांगणार नाही. पण बायांनो, एकटीची तक्रार कागदाखाली दाबता येते, तिघींची दाबणं कठीण जातं. कोर्टात अर्ज देताना तुमचेही कागद सोबत जोडता येतील, वकिलाला मी विचारून ठेवलं आहे आणि त्याचा खर्च मी करते. अर्ज जायच्या आत मला फोन करा.