घोड्यांसाठी घेतलेला डिजिटल थर्मामीटर: एका हंगामाचा अनुभव

माथेरानात आमचे चार घोडे आहेत. त्यातली लाली गेल्या डिसेंबरात एका बाजारातून आणली. तिसऱ्या दिवशी तिने अर्धी चंदी तोबऱ्यातच सोडली. बाबांनी नेहमीसारखा कानाच्या बुडाशी हात लावून पाहिला आणि म्हणाले, "प्रवासाने थकलीय." मी नेरळच्या मेडिकलमधून दोनशे रुपयांत आणलेला, माणसांना लावतात तो थर्मामीटर काढला. आकडा आला १०४.४. निरोगी घोड्याचं तापमान ९९ ते १०१.५ फॅरनहाइटच्या आत असतं. तोवर लाली एकदाही खोकली नव्हती.

घोडेवाल्यांनी ही वस्तू घ्यावीच, म्हणून सविस्तर लिहितेय.

मऊ, वाकणाऱ्या टोकाचा घ्या. टोकाला व्हॅसलीन लावायचं, घोड्याच्या मागे उभं न राहता कुशीला खेटून उभं राहायचं, शेपूट बाजूला करून टोक गुदद्वारात सरकवायचं आणि आतल्या कडेला टेकवायचं. नुसतं लिदीत राहिलं तर आकडा चुकतो. दुसऱ्या टोकाला मी सुतळी बांधून तिला कपड्याचा चिमटा लावलाय, तो शेपटीच्या केसांना अडकवते. घोडा हलला तरी थर्मामीटर पडत नाही. मिनिटभरात बीप वाजतो. मागचा आकडा लक्षात राहतो, तो वहीत उतरवायला बरा पडतो.

खोट आहे ती पडद्याची. आत दिवा नाही, त्यामुळे पहाटे तबेल्यात मोबाईलचा टॉर्च धरावा लागतो. बीपही फार बारीक आहे. तरी कपाळासमोर धरायच्या बंदुकीपेक्षा हाच शंभर पटीने बरा. शेजाऱ्यांची बंदूक आणून पाहिली, तिने त्याच लालीला ९७ दाखवलं. केसांवरून तिला काही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी लालीला कोरडा, खरखरीत खोकला सुरू झाला. नाकातून आधी पाणी, मग पिवळट घट्ट शेंबूड. डॉक्टरांनी नाकातला स्वॅब तपासायला पाठवला. इन्फ्लुएंझा निघाला, म्हणजे घोड्यांचा फ्लू. लागण झाल्यापासून एक ते तीन दिवसांत ताप चढतो आणि बऱ्याचदा खोकल्याच्या आधी चढतो, म्हणून डॉक्टरांनी चारही घोड्यांचा ताप सकाळ-संध्याकाळ लिहायला सांगितला. खोकल्यातून तर हा रोग पसरतोच, शिवाय बादली, लगाम आणि आपले हात यांच्यावरूनही जातो. लालीला लांब बांधली, तिची बादली वेगळी केली, तिचं काम सगळ्यात शेवटी.

चौथ्या सकाळी मोतीवर खोगीर चढलं होतं. तो दस्तुरीला, म्हणजे पर्यटकांसाठी घोडे उभे राहतात त्या नाक्यावर, निघणार, तेवढ्यात मी मोजलं. १०३.१. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग काही न बोलता पट्टा सोडला आणि खोगीर खाली ठेवलं. दस्तुरीला घोडे अंगाला अंग लावून उभे असतात. मोती तिथे गेला असता तर किती तबेल्यांत हा रोग पोचला असता! २०२५ च्या मे महिन्यात केदारनाथच्या वाटेवर याच रोगामुळे घोडे-खेचरं थांबवावी लागली होती.

औषध डॉक्टरांनी तापापुरतं दिलं. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, ते वर दुसरा संसर्ग झाला तरच. गवत भिजवून घातलं, कारण इथली लाल धूळ खोकल्याला फार वाईट. थंडी म्हणून लावलेली गोणपाटं काढून वारा खेळता ठेवला. सगळ्यात जड गेली ती विश्रांती. जितके दिवस ताप तितके आठवडे आराम, आणि कमीत कमी तीन आठवडे. श्वासनळीचं आतलं अस्तर पुन्हा भरून यायला तेवढा वेळ लागतोच. नाताळचा आठवडा दोन घोडे बांधून गेला. बाबांना फार लागलं, पण दोघेही आज पूर्वीसारखे चढ चढतात. आता लसही घेतोय: पहिले दोन डोस चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने, पुढचे डॉक्टर सांगतील तसे.

थर्मामीटर दोन घ्या, एक फक्त आजारी घोड्याला. दर वेळी स्पिरिटने पुसा. आणि बॅटरी हंगामाच्या आधी बदला, आमची नेमकी एका रविवारी संपली होती.