ऑक्टाव्हिया टीडीआय एअर घेत होती: डिझेलची नळी बदलून आठ महिने

सकाळी सहाला अण्णा गाडी काढतात. मी गॅलरीत उभा राहून फक्त सेल्फचा आवाज ऐकतो. गेले आठ महिने तो आवाज सेकंदभरात संपतो आणि इंजिन लागते. त्याआधीचे चार महिने आम्ही काय सोसले, कुठे चुकलो आणि शेवटी कशाने गुण आला, हे सगळे लिहून ठेवतोय. जुन्या टर्बो डिझेलवाल्यांना उपयोगी पडावे, एवढीच इच्छा.

गाडी 2006 ची स्कोडा ऑक्टाव्हिया 1.9 टीडीआय (टर्बो डिझेल), 90 पीएसची म्हणजे साधारण 90 अश्वशक्तीची. तेव्हाच्या औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली. अण्णांनी निवृत्तीनंतर नवी कोरी घेतली होती. आता 2 लाख 31 हजार किलोमीटर झालेत. 2021 ला पंधरा वर्षे भरली तेव्हा पासिंग करून पाच वर्षे वाढवून घेतली, यंदा पुन्हा जायचे आहे. अण्णांना दुसरी गाडी नको आहे आणि खरे सांगायचे तर मलाही.

त्रास गेल्या फेब्रुवारीत सुरू झाला. रात्रभर उभी राहिली की सकाळी आठ-दहा सेकंद सेल्फ मारावा लागे. लागली की थोडी थरथरे, मग ठीक. दुपारी मात्र एका झटक्यात लागे. आमच्या गल्लीत चढ आहे. गाडी तोंड वर करून लावली तर त्रास जास्त, उतारावर लावली तर कमी. ही सगळ्यात मोठी खूण होती, पण तेव्हा लक्षात आली नाही. पुढे कसारा घाट चढताना टर्बो लागायच्या वेळी मध्येच पिकअप जाऊ लागला. ट्रक मागे असताना गाडीने असा दम सोडला की छातीत धस्स होते.

बॅटरी तपासली, हीटर प्लग बदलले. मग एका गॅरेजात निदान झाले, "डिझेल पंप गेला, साहेब. काढून पाठवावा लागेल." अंदाज 38 हजारांचा. अण्णा काही बोलले नाहीत, नुसते बॉनेटकडे बघत राहिले. मी गाडी तशीच घरी आणली.

आता मुद्द्याचे. या इंजिनात डिझेल ढकलायला टाकीत पंप नसतो. इंजिनावरचा पंप स्वतःच थेट टाकीतून, फिल्टरमार्गे डिझेल ओढतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत दाब नसून ओढ असते. म्हणून तिथे चीर पडली तर डिझेल सांडत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते. जमीन कोरडी, वास नाही, डाग नाही, आणि गाडी मात्र एअर घेतेय. उभ्या गाडीत त्याच चिरेतून हवा जाते, डिझेल हळूहळू टाकीकडे उतरते आणि सकाळी पंप रिकामा. तोंड वर करून लावली की जास्त त्रास का, याचे उत्तर हेच. स्कोडाच्याच लॉरा गाडीतल्या पीडी इंजिनाचे (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पंप असलेल्या) गणित वेगळे, तिथे टाकीत पंप असतो आणि नळी फाटली की डिझेल बाहेर येते.

फिल्टरकडून पंपाकडे जाणारी नळी या गाडीत पारदर्शक असते. एका रविवारी इंजिन चालू ठेवून तिच्यामागे मोबाईलचा टॉर्च धरला. पिवळसर डिझेलमधून बुडबुड्यांची माळ चालली होती, एकामागे एक, काही तर तांदळाच्या दाण्याएवढे. रेस केली की माळ दाट होई. वरच्या बाकाशी एखादा बुडबुडा अडकून राहिला तर त्याने काही बिघडत नाही. माळ वाहत असेल तर कुठेतरी हवा शिरतेय, हे नक्की.

मागे मागे जात फिल्टरला टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीपर्यंत पोचलो. खालच्या बाजूला, हात घालूनच कळेल अशा जागी, उंदराच्या दातांचे दोन समांतर खाचे होते. नळी वाकवली की त्यातला एक उघडायचा. वर कधीतरी कुणीतरी लावलेली साधी स्क्रूची क्लिप रबरात रुतून बसली होती, तिच्या खाचांनी नळीला गोल कापले होते.

पहिल्या वेळी माझी चूक झाली. बाजारातून मीटरवर मिळणारी काळी नळी आणली, वर काहीही छापलेले नव्हते, आणि त्याच जुन्या क्लिपने आवळली. गाडी लगेच सुधारली म्हणून खूश झालो. मे अखेरीस त्रास परत आला. नळी काढली तर बोटाने दाबून सपाट होत होती, फुगून मऊ पडलेली. उभी चिरून पाहिली तेव्हा आतल्या थराला फोड आले होते, नखाने काळे कण निघत होते. ही नळी फिल्टरच्या आधी होती म्हणून ते कण फिल्टरात अडकले. फिल्टरनंतर असती तर थेट पंपात गेले असते आणि तेव्हा 38 हजार खरोखरच मोजावे लागले असते.

जूनमध्ये सगळे नीट केले. 8 मिमीची, एसएई जे 30 आर 9 (इंधनाच्या नळीचे एक मानक) असे अंगावर छापलेली नळी मुंबईहून मागवली. मीटरमागे 700 रुपये पडले, लागली जेमतेम अर्धा मीटर. आतून गुळगुळीत पट्टीच्या, बोल्टने आवळायच्या क्लिपा घेतल्या, त्या रबराला कापत नाहीत. फिल्टरवरच्या टी आकाराच्या व्हॉल्व्हचे दोन्ही ओरिंग (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) बदलले, ते वाळून चपटे झाले होते. नोझलवरच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागावरच्या) 3.2 मिमीच्या कापडी विणीच्या, उरलेले डिझेल परत नेणाऱ्या रिटर्न नळ्याही बदलल्या, शेवटच्या नोझलवरचे छोटे बूच तडकलेले निघाले. नव्या फिल्टरसकट सगळे मिळून चार हजारांच्या आत बसले.

काम करणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी एक गोष्ट फार छान केली. फिल्टर डिझेलने काठोकाठ भरूनच बसवला आणि पंपाच्या रिटर्नला हातपंप लावून बुडबुडे संपेपर्यंत डिझेल ओढून घेतले, मगच चावी फिरवू दिली. "पंपाला डिझेल हेच वंगण आहे, भाऊ. कोरडा फिरवला की घासला," असे म्हणाले. नुसता सेल्फ मारमारून एअर काढणाऱ्यांनी हे मनावर घ्यावे.

तेव्हापासून साडेनऊ हजार किलोमीटर झाले. पूर्ण पावसाळा गेला, नाशिकची डिसेंबर-जानेवारीची थंडी गेली. सकाळचे स्टार्टिंग चढावरही पहिल्या झटक्यात. कसारा घाटात तिसऱ्या गिअरवर 2000 आरपीएमच्या पुढे गाडी पूर्वीसारखी खेचते, मध्येच श्वास सोडत नाही. ॲव्हरेज मात्र जवळपास तेवढेच आहे, हायवेला लिटरमागे 18 किलोमीटरच्या आसपास. ते वाढेल या आशेने कुणी हे काम करू नये. दर महिन्याला टॉर्च लावून पाहतो, माळ नाही. गेल्या आठवड्यात नळी चिमटीत धरून पाहिली, अजून घट्ट आहे, क्लिपेखाली व्रण नाही.

उंदरांचा बंदोबस्त मात्र पूर्ण झालेला नाही. डांबरगोळ्या ठेवून पाहिल्या, उपयोग शून्य, एक तर बॅटरीच्या ट्रेमध्येच कुरतडलेली सापडली. नळीवर स्टीलच्या बारीक जाळीचे आवरण चढवले, त्यावर दात लागल्याच्या खुणा आहेत पण आत काही पोचलेले नाही. जाळी बॅटरीच्या टोकांपासून लांब आणि पक्की बांधा.

कुणी स्वतः करणार असेल तर दोनच गोष्टी कळकळीने सांगतो. पंपापासून नोझलपर्यंतच्या लोखंडी नळ्यांना रबराचा जोड कधीही देऊ नका. तिथे शेकडो बारचा दाब असतो, गळती शोधायला बोटही लावू नका, ती धार कातडीतून आत घुसते. आणि नवी नळी टर्बो व एक्झॉस्टपासून लांबून घ्या. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही हे खरे, पण तापलेल्या टर्बोवर सांडले तर पेटते. काम झाल्यावर सांडलेले डिझेल पाण्याच्या रबरी नळ्यांवरूनही पुसा, त्याने त्या फुगतात.

पुढच्या महिन्यात पासिंगला जाणार आहोत. अण्णा म्हणालेत, गाडी तेच चालवत नेणार.