ठाण्यातील सरकारी क्षयरोग केंद्र : भावाच्या 26 आठवड्यांच्या उपचारानंतरचा अभिप्राय

कळव्यात राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला संध्याकाळी बारीक ताप येई, रात्री अंग घामाने भिजे आणि वजन सहा किलोंनी घटले होते. त्याला नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षय झाला होता. अशा क्षयाची लक्षणेही साध्या क्षयासारखीच असतात, त्यामुळे केवळ रुग्णाकडे पाहून तो ओळखता येत नाही. एका खासगी दवाखान्यात बेडक्याची पुरेशी तपासणी न करताच नेहमीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्यात आमचे दोन महिने वाया गेले, याची खंत अजूनही आहे.

या केंद्रात मात्र पहिल्याच दिवशी बेडक्याचा नमुना सीबीनॅट यंत्रावर लावला. ही चाचणी सुमारे दोन तासांत जंतू आहेत का आणि रिफाम्पिसिन हे क्षयावरचे मुख्य औषध त्यांच्यावर चालेल का, हे दोन्ही सांगते. दुसऱ्या दिवशी रिफाम्पिसिन निरुपयोगी असल्याचे कळले आणि पुढील तपासण्या करून बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सासिन ही चार औषधे 26 आठवड्यांसाठी विनामूल्य सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये शिफारस केलेल्या या उपचाराला भारतात 2024 मध्ये मान्यता मिळाली. पूर्वी याच आजारासाठी दीड वर्षाहून अधिक काळ औषधे आणि त्यातले काही महिने इंजेक्शने घ्यावी लागत. आमच्या चाळीतील एका काकांना त्या इंजेक्शनांनंतर कायमचे कमी ऐकू येऊ लागले होते, म्हणून केवळ गोळ्यांवर भागते हे मला फार मोलाचे वाटते.

तरीही गोळ्या सोप्या नाहीत. केंद्रातील परिचारिका ताई प्रत्येक भेटीत पायांना मुंग्या येतात का, रंग नीट दिसतात का, असे आवर्जून विचारत, कारण लिनेझोलिडमुळे नसांना आणि दृष्टीला इजा होऊ शकते व रक्तही कमी होते. तिसऱ्या महिन्यात भावाने तळपाय बधिर वाटतात असे सांगताच डॉक्टरांनी रक्त तपासून त्या गोळीची मात्रा निम्मी केली. आम्ही स्वतःहून हे बोललो असतो असे वाटत नाही. औषध बंद करतील या भीतीने भाऊ गप्पच राहिला असता.

उणिवाही आहेत. बेडाक्विलिनचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होत असल्याने ईसीजी नियमित काढावा लागतो, पण यंत्र दोनदा बंद असल्याने अशक्त रुग्णाला रिक्षाने दुसरीकडे न्यावे लागले. क्षयरुग्णाच्या आहारासाठी सरकारकडून मिळणारे निक्षय पोषण योजनेचे महिना 1000 रुपयेही उशिरा जमा झाले. अंडी, डाळ, दूध यांचा खर्च थांबत नाही, तेव्हा हा विलंब गरीब घराला जड जातो.

जगभरात 2021 मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर उपचार सुरू केलेल्यांपैकी 68 टक्क्यांचेच उपचार यशस्वी झाले होते, हे वाचून आम्ही धास्तावलो होतो. भावाच्या शेवटच्या कल्चरमध्ये, म्हणजे बेडक्यातील जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, जंतूंची वाढ झाली नाही आणि गेलेले वजनही भरून आले. पायांचा बधिरपणा थोडा उरला आहे. आता दोन वर्षे दर सहा महिन्यांनी तपासणीला यायचे आहे आणि पहिली तारीख ताईंनी कार्डावर लिहून दिली आहे.