मायामीतील बीबीएल क्लिनिक : चरबी नेमकी कुठे सोडणार, हे कोणी सांगेना

पोटाची आणि कमरेची चरबी काढून ती नितंबांत भरण्याच्या शस्त्रक्रियेची, म्हणजे बीबीएलची (ब्राझिलियन बट लिफ्टची), चौकशी करण्यासाठी माझी मावसबहीण न्यू जर्सीहून मायामीला आली होती. मी फ्लोरिडातच राहत असल्याने तिच्यासोबत गेले. क्लिनिकचे नाव मी देत नाही. परंतु त्या दीड तासात जे पाहिले, ते हा विचार करणाऱ्या प्रत्येकीला कळावे असे मला मनापासून वाटते.

स्वागत अगत्याने झाले. तेथील समन्वयक बाईंनी आधीची आणि नंतरची छायाचित्रे दाखवली, हप्त्यांची सोय समजावली, आणि शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे नितंबांवर भार येऊ नये म्हणून मांड्यांखाली घ्यायची उशी खुर्चीवर ठेवून माझ्या बहिणीला तिच्यावर बसवूनही पाहिले. डॉक्टर मात्र भेटले नाहीत. शस्त्रक्रिया कोण करणार, हे तारीख ठरल्यावर कळेल, असे सांगण्यात आले.

संमतिपत्र सोळा पानांचे होते. अकराव्या पानावर जंतुसंसर्ग आणि व्रण यांच्या मधोमध, बाकीच्याच अक्षरांत, 'फॅट एम्बोलिझम', म्हणजे चरबी रक्तवाहिनीत शिरून अडकणे, हे दोन शब्द होते. त्यावर बोट ठेवून मी विचारले, तेव्हा "हे सगळ्याच शस्त्रक्रियांच्या कागदांवर असते," असे उत्तर मिळाले. ते उत्तर मला अजिबात पटले नाही, कारण या शस्त्रक्रियेतील मृत्यूंच्या मुळाशी मुख्यतः हेच दोन शब्द आहेत.

नितंबांच्या स्नायूंखालून मोठ्या, पातळ भिंतींच्या शिरा जातात. चरबी सोडणाऱ्या कॅन्युलाचे, म्हणजे पोकळ नळीचे, टोक स्नायूत खोल गेले आणि त्यातली एखादी शीर फाटली, तर चरबी शिरेत शिरून थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि तेथून फुफ्फुसात पोहोचते. रुग्ण काही वेळा टेबलावरच दगावतो. ही रक्ताची गुठळी नसल्यामुळे गुठळीवरच्या औषधांनी ती चरबी विरघळत नाही. शल्यचिकित्सकांच्या संघटनांनी मिळून नेमलेल्या कृतिदलाने 2018 मध्ये या शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण सुमारे 3,000 रुग्णांमागे 1 इतके असू शकते, असा इशारा दिला होता आणि शवविच्छेदनांत स्नायूंच्या आत चरबी आढळल्याचे नमूद केले होते. त्याच वर्षी ब्रिटनमधील सौंदर्य शल्यचिकित्सकांच्या संघटनेने आपल्या सदस्यांना ही शस्त्रक्रिया थांबवण्याचा सल्ला दिला. 2022 मध्ये तिने पुन्हा परवानगी दिली ती चरबी केवळ त्वचेखालच्या थरात आणि सोनोग्राफीच्या आधारे सोडण्याच्या अटीवर.

म्हणून माझा पहिला प्रश्न पैशांचा नव्हता. चरबी कोणत्या थरात सोडणार, आणि कॅन्युला आत फिरत असताना तिचे टोक सोनोग्राफीच्या पडद्यावर डॉक्टरांना दिसत असेल का, एवढेच मला हवे होते. "आमचे सर्व डॉक्टर अनुभवी आहेत," असे समन्वयक बाई म्हणाल्या. अनुभव महत्त्वाचा आहेच, पण हाताला लागणाऱ्या स्पर्शावरून थर ओळखण्यात अनुभवी हातही फसतो, म्हणून तर पडद्याची अट घालावी लागली.

फ्लोरिडात हा ऐच्छिक भाग राहिलेला नाही. 2023 च्या कायद्यानुसार क्लिनिकमध्ये होणाऱ्या या शस्त्रक्रियेत चरबी काढणे आणि सोडणे ही दोन्ही कामे डॉक्टरने स्वतः करायची असतात, स्नायूत चरबी सोडण्यास मनाई आहे, सोनोग्राफी किंवा तत्सम मार्गदर्शन सक्तीचे आहे, आणि डॉक्टरने निदान आदल्या दिवशी तरी रुग्णाला प्रत्यक्ष समोर तपासलेच पाहिजे. भूल दिल्यापासून श्वासनळीतील नळी काढेपर्यंत एका रुग्णामागे एक डॉक्टर असावा, असेही त्यात आहे. यांपैकी एकही गोष्ट आम्हांला आपणहून सांगण्यात आली नाही. उशीबद्दल मात्र दहा मिनिटे सांगितले.

परतताना गाडीत बहीण म्हणाली, "ताई, रोज इतक्या जणी करून घेतात, मलाच काय होणार आहे?" दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला स्वतःच्या शरीराचा वाटू लागलेला परकेपणा मी जवळून पाहिला आहे, त्यामुळे तिची इच्छा मला क्षुल्लक वाटत नाही आणि तिला मोडता घालायचाही नव्हता. रात्री जेवणानंतर आम्ही दोघींनी मिळून क्लिनिकला पत्र लिहिले: शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव, त्याचे प्लास्टिक सर्जरीचे प्रमाणपत्र, त्या दिवशीच्या त्याच्या एकूण शस्त्रक्रियांची संख्या, सोनोग्राफीचा वापर, आणि प्रकृती बिघडल्यास कोणत्या रुग्णालयात नेणार.

दोन दिवसांनी उत्तर आले. त्यात पाचही प्रश्नांना मिळून "सर्व काही नियमांनुसारच केले जाते" असे एकच वाक्य होते, आणि त्याखाली, शुक्रवारपर्यंत अनामत भरल्यास सवलत मिळेल, अशी सूचना होती. बहिणीने अनामत भरली नाही. आता ती न्यू जर्सीतील एका प्लास्टिक सर्जनला भेटणार आहे, आणि तेच पाच प्रश्न तिने वहीत लिहून ठेवले आहेत.